परडीची खुंटी

काय सांगू तुमाला, मी मूळची मंद्रूपकडची, घरात कानडी, शेजारात मराठी, त्यामुळं शिव्या दोन्हीकडच्या कळायच्या, अन् नर्सच्या नोकरीत ते लई उपयोगी पडलं. नवरा लवकर गेला, मग ट्रेनिंग केलं, अन् सोलापुरात पहिली नेमणूक झाली ती गुप्तरोगाच्या दवाखान्यात. सासू म्हणाली, लोकांना कुटला दवाखाना म्हणून सांगायचं? मी म्हणलं, सांगा की डोळ्याचा.

तितं गिरणीतली माणसं यायची, धंदा करणाऱ्या बाया यायच्या, जोगतिणी यायच्या. कुणाला मी दटावलं न्हाय. खोकला झालेल्याला आपण दटावतो व्हय?

पण चुकले एकदा, ते सांगते. शांतव्वा म्हणून एक जोगतीण, देवीला सोडलेली, पोटुशी होती. आधीची दोन पोरं गरमीच्या रोगानं पोटातच गेलेली. आठवड्याला एक अशा तीन सुया घ्यायच्या होत्या. पहिली बाळंतपणाच्या दवाखान्यात दिली अन् उरलेल्या दोनला आमच्याकडं धाडली. बायकांचा वार मंगळवार, वरूनच ठरलेला. बाकीच्या वारी पुरुष, त्यांतले निम्मे तिच्या ओळखीचे, त्यांच्या रांगेत ती कशाला बसती?

मंगळवारी आली ती परडी घेऊन. परडी म्हणजे देवीची टोपली, आत मुखवटा अन् भंडारा, त्या दिवशी ती घेऊन दारोदार जोगवा मागायचा. मी सुया उकळत होते, मान वर न करता म्हणलं, टोपली तितं चपलांपाशी ठेव अन् आत ये. वर बगते तर बाई न्हाय. डॉक्टर म्हणाले, ह्या बायकांना गांभीर्यच न्हाय. मीबी व्हय म्हणलं. दुपारी दार लावताना चपलांच्या जागी सांडलेला भंडारा दिसला, तवा डोक्यात उजेड पडला.

तशीच तिच्या गल्लीत गेले. ती म्हणाली, सुईला मी भीत न्हाय अक्का, पण आईला चपलांत कशी ठेवू? पोर तिनंच द्यायचंय. मंगळवारी परडी भुईला टेकवत न्हाईत. मी वाद घातला न्हाय. म्हणलं, चुकलं माझं, पुढल्या मंगळवारी ये, परडी मी धरते. ती म्हणाली, मग सुई कोण देणार? खरंच की.

डॉक्टर म्हणाले, एक आठवडा गेला तर चालंल, त्याच्यापुढं पोराची खात्री न्हाय. म्हणलं, मग परडी तुमीच धरा. डॉक्टर कडक इस्त्रीचे, देवाधर्माचं वावडं. पुढल्या मंगळवारी ती आली तवा त्यांनी माझ्याकडं बगितलं, तिच्या पोटाकडं बगितलं अन् परडी दोन्ही हातांनी धरली. सुई होईस्तोवर सदरा सगळा पिवळा. शांतव्वा पडल्या पडल्या हसत होती.

तिसऱ्या सुईच्या आत मी भिंतीत खुंटी ठोकून घेतली. मग बाकीच्या जोगतिणीबी येऊ लागल्या, एकीखाली एक परड्या लटकायच्या. अजून उकळत्या पाण्याचा अन् हळदीचा वास एकत्र आला की तो दवाखाना आठवतो.

शांतव्वाला पोरगी झाली, जिती, लई आवाजाची. आता शाळेत जाती. तिच्या हातात परडी देणार न्हाय म्हणती शांतव्वा. बगू, गल्लीबी काय म्हणती ते.

माझी बदली झाली. नवी नर्स त्या खुंटीला छत्री अडकवती म्हणं. अडकवू दे बापडी, सुखी राहो. मंगळवारी तेवढी काढून ठेव, असा निरोप धाडलाय.