रिकाम्या गादीपुढचा हात

मंडळी, टाळ खाली ठेवा आणि मला एक सांगा. राजा गादीवरून उतरला, की त्याचं राजेपण कुठं जातं? दिवा विझला तर धूर दिसतो, वात उरते. मग एवढं मोठं राजेपण हवेत विरून जातं काय? माना डोलवू नका — विचार करा!

ऐका. वाघोशी नावाचं एक संस्थान होतं. देश स्वतंत्र व्हायच्या बेतात होता. वाघोशीचे महाराज भुजंगराव, माणूस मोठा शहाणा निघाला. म्हणाले, "यापुढं कायदे प्रजेनं करावेत. प्रजासभा निवडा. मी तिथं यायचा नाही." घ्या! न मागता मिळालं राज्य!

आता या संस्थानात महाराजांच्या शिकारीसाठी राखलेलं रान होतं. त्याला म्हणत रमणा. रमण्यातलं जनावर महाराजांचं. तुमच्या घरात शिरलं, तरी महाराजांचंच! एक दिवस रमण्यातलं रानडुक्कर गजराबाईच्या अंगणात घुसलं. तिची लेक तिथं खेळत होती. पोरीच्या मांडीत सुळा गेला! गजराबाईचा नवरा हैबती, घोंगड्या विणणारा साधा माणूस, त्यानं कुऱ्हाड घातली. लेक वाचली — आणि हैबती तुरुंगात! अहो, मेलेल्या डुकराचा पंचनामा झाला. पोरीची जखम बघायला कुणी आलं नाही!

म्हणून गजराबाई पदर खोचून निवडणुकीच्या प्रचाराला उतरली. उमेदवार कोण? दाजीबा वरखेडे. काय बोलायचे! "पहिला ठराव रमणा मोडायचा! पहिला कैदी सुटेल तो हैबती!" लंगडणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन ही बाई दाजीबांसाठी दारोदार फिरली. दाजीबा निवडून आले.

सभा भरली दरबारात. दुसरी मोठी जागाच नव्हती. समोर गादी — रिकामी! आणि दरबाराची रीत मोठी कडक. गादीकडे पाठ करायची नाही. गादीपुढं हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. हात खाली जायचा तो मुजऱ्याला. सभासद आले, एकेकानं वाकून मुजरा केला. गादीवर एक माशी बसली होती, मंडळी! तिला काय वाटलं असेल? आपण केव्हा एवढे मोठे झालो!

मागं लोकांत गजराबाई उभी. तिला दिसत होत्या नुसत्या पाठी. रमणा मोडायचा ठराव वाचला गेला. अध्यक्ष म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर गेला नाही! आपल्याच राज्यात, रिकाम्या गादीपुढं, हात मांड्यांना चिकटले!

गजराबाईच्या डोक्यात तिडीक गेली. बाकांमधून ती थेट पुढं आली आणि वळून उभी राहिली. गादीकडे पाठ करून! चोपदार ओरडला, "ए बाई! गादी आहे मागं!"

"गादीच आहे ना? मग ओरडतोस का? तिला काय ऐकू येतंय?" ती दाजीबांकडे वळली. "दाजीबा, माझ्या दारात हात कसा वर व्हायचा तुमचा!"

"गजराबाई, जरा दमानं. गादीचा मान असतो..."

"कोण बसलंय गादीवर?"

"कुणी नाही. पण..."

"पण काय? माझी लेक लंगडतीय, तिचा मान कुठं बसवू?"

तिनं दाजीबांचं मनगट धरलं आणि हात वर उचलला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, ओढून वर केलेलं मत धरता येत नाही." बरोबरच बोलले! गजराबाईनं हात सोडला. सगळी सभा त्या हाताकडे बघतेय. राहतो का वर? राहतो का?

खाली आला! नुसता खाली नाही — मुजऱ्याला गेला! ठराव पडला.

महाराजांच्या कानावर गेलं. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी हुकूम काढला: हैबतीला सोडा. झालं! ज्या लोकांना हात उचलता आला नव्हता, ते गुलाल घेऊन धावले. "महाराजांनी दया केली!" दाजीबा सगळ्यांत पुढं, सगळ्यांत मोठ्यानं!

हैबती घरी आला. लेकीला पोटाशी धरून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "गजरे, चल, राजवाड्यात पाया पडून येऊ."

गजराबाई म्हणाली, "तुम्ही सुटलात, माझा जीव भांड्यात पडला. पण मी येणार नाही. रमण्यातली बाकीची डुकरं तशीच मोकळी आहेत. उद्या एखादं शेजारणीच्या पोरीवर धावलं आणि तिच्या बापानं कुऱ्हाड घातली, तर त्यानं कुणाच्या दयेची वाट बघायची?"

 आता सांगा, मंडळी! कळलं राजेपण कुठं जातं? राजा सोडून गेला, तरी आपण ते जपून ठेवतो. वाकायला जागा लागते ना आपल्याला!

हसू नका, जुनी गोष्ट नाही ही! हा पुढचा सोफा कुणासाठी ठेवलाय? आमदारसाहेबांसाठी! आले का? नाही! येतो म्हणाले का? तेही नाही! आणि मागं म्हाताऱ्या बाया खडीवर बसल्यात. कुणाचा हुकूम होता? मत तुम्ही दिलंत, निवडून तुम्ही आणलंत, आणि पांढरा टॉवेल घालून गादीही तुम्हीच मांडलीत!

ओ आजी, त्या खांबाजवळच्या! उठा. या पुढं, बसा या सोफ्यावर. कार्यकर्ते, माझ्याकडे डोळे वटारू नका — वाट द्या त्यांना! आजी बसल्याशिवाय देवाचा जयजयकार माझ्या तोंडून निघायचा नाही.