आई, लक्ष ठेवजो

घरून काम करणं सोपं असतं असं पुन्हा म्हणू नका, मी पार थकलोय. कामठ्याच्या एका लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर रेंडरला, म्हणजे फायनल फाईल बनवायला, लावला होता. मी समोर बसलो की धडाधड पळायचा, आणि बाहेर जाऊन आलो की तिथंच अडकलेला. विंडोज नवं टाकलं, रॅम वाढवली, काही फरक नाही. मेकॅनिक घरी येऊन बघून गेला. म्हणाला, "भैया, मस्त तो चल रहा है!"

इकडे नवरीच्या बापाचा रोज फोन. "काऊन नाही होऊन राहिला गा? पोरगी व्हिडिओ पाहिल्याबिगर सासरी जायले तयार नाही."

परवा पाकीट विसरलं म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतलो. पाहतो तर अख्खा सीपीयू आईच्या शालीत गुंडाळलेला. आत पंखा नुसता घरघरतोय. हात लावला तर चटका बसला.

"आई, हे कायले झाकलं?"

"बाजूच्या राईस मिलचा कोंडा उडून येते ना बाबू, आत जाईल. तू यायच्या आधी काढूनबी ठेवते."

"अवं, त्याचा दम कोंडते! म्हणूनच तं स्लो होते!"

आई शांतपणे शालीची घडी घालत म्हणाली, "जातानी तूच तं म्हणून गेला, आई, लक्ष ठेवजो."