मुकी निघालेली गाडी

घूंऽ घूंऽ असा तो आवाज होता. जबाब इथून सुरू करावा, असा माझा आग्रह आहे. मी शाळेचा निवृत्त कारकून, वय चौऱ्याहत्तर, राहणार चढावरचे शेवटचे घर, मुलगी व जावई यांच्याकडे. समक्ष हजर राहून सांगतो की, माझ्या लहानपणी डोंगरावर टपालाची मोटार येई. ती दिसण्याआधी तिच्या टायरांचे घुमणे वळणावळणाने वर चढे आणि त्या ठेक्यावर आम्ही वर्गातल्या कविता म्हणत असू. हवालदार म्हणाले, "आजोबा, मुद्द्याचं बोला." हाच मुद्दा आहे.

माझी मुलगी गुरांची डॉक्टर आहे. तिची निम्मी वाट महामार्गाची व निम्मी दगडगोट्यांच्या चढणीची. जुने टायर झिजून गुळगुळीत झाले, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघे टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साधे हायवेचे घ्या, लोण्यासारखी चालेल. हे ठोकळेवाले डांबरावर ओरडतात." मी म्हणालो, "लोण्यावरून पाय घसरला की खाली दरी आहे, बाबा." मुलगी हसली. आम्ही जाड ठोकळ्यांचे, बाजूचे रबर भक्कम असलेले, तरी ओल्या डांबरालाही धरणारे चार टायर निवडले. ते घुमत. तेव्हापासून गाडी निघाली की मला पाठ असलेली एखादी कविता आपोआप सुरू होई.

आज सकाळी वरच्या वस्तीवर गाय विताना अडल्याचा निरोप आला. मुलगी चहा अर्धा टाकून पळाली. गाडी मुकी निघाली. मी खिडकीतून हाका मारल्या. तिची काच बंद होती. वर फोन लागत नाही.

जावई दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "टायर काल बदलून घेतले, बाबा. त्या आवाजानं डोकं उठायचं. गाडीत धड फोनवर बोलता येत नव्हतं."

"तिला सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? हेही गोलच आहेत की!"

यावर मी जे बोललो ते लिहून घेऊ नये. सासऱ्याने जावयाला तसे बोलू नये, हे मान्य आहे. शब्द मात्र मागे घेत नाही.

मी टायरवाल्याकडे गेलो. आमचे चारही टायर त्याने दारातच रचून विकायला ठेवले होते. "हे तुझ्या गाडीत घाल आणि माझ्याबरोबर वर चल," मी म्हणालो.

"आजोबा, तुमच्या जावयांनी दिलेत. मी काय चोरलेत?"

"ती कुठे जाते, हे तुझ्यासमोरच बोललो होतो ना?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. म्हणून मी त्या टायरांवर चढून बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकिकत मोठ्याने सांगितली. काठी उगारली, हे खरे. मारली नाही, हेही खरे. त्याने पोलीस बोलावले. मी उतरेना, म्हणून मला टायरांसकट इथे ठाण्यात आणले. खुर्ची देऊ केली असता नाकारली. अजून टायरांवरच बसलो आहे. मुलगी एरवी दुपारी जेवायला परतते. आता उन्हे कलली. वर माणूस पाठवतो, असे साहेब तीनदा म्हणाले आहेत. पाठवलेला नाही. तेही लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी कवितेच्या ओळी गाळल्या आहेत. बाकी शब्द माझेच आहेत.

सही करण्यासाठी पेन हाती घेतले असता दाराशी जावई उभे दिसले. ते इथे येतील असे मला वाटले नव्हते. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर टायर. बाजूने वीतभर फाटलेला. पुढचेही लिहावे, असे मी हवालदारांना सांगितले.

"ती बरी आहे, बाबा," जावई म्हणाले. "तुम्ही बोललात, मग मीच वर गेलो. टायर फाटून गाडी दरीकडे घसरली, एका दगडानं अडवली. नाहीतर..."

"गाय?"

"तुमची मुलगी पायी गेली वर. सुटली गाय."

"आणि तुम्ही केलेला प्रताप?"

"सांगितला तिला."

"काय म्हणाली?"

त्यांनी मान खाली घातली. "म्हणाली, ते चार टायर घेऊन या, नाहीतर येऊच नका."

तेव्हा मी उठलो व टायर मोकळे केले. राग तसाच आहे. सही उभ्याने केली.