अर्धा न

(सांगलीजवळचा बेदाणा निवडायचा कारखाना. ऑफिसात सुपरवायझर इंद्रजित, समोर कामगार रंगूबाई. सकाळच्या हजेरीची वेळ.)

रंगूबाई : चिठ्ठी नीट वाचा की, साहेब. टायफाइड लिवलंय. आठ दिवस झोपून ऱ्हा म्हनलाय डॉक्टर.

इंद्रजित : राहा की, मावशी. कोण नाही म्हणतंय? फक्त पगार मिळणार नाही.

रंगूबाई : आजारपणाची पगारी रजा असती म्हणं कायद्यात.

इंद्रजित : असते. पण त्यातनं हंगामी धंदे वगळलेत. आपला कारखाना हंगामी.

रंगूबाई : आवं, मी बारा म्हैनं येतीया. अकरा वर्सं झाली.

इंद्रजित : तुम्ही बारमाही. कारखाना हंगामी.

रंगूबाई : आन् तुमाला कावीळ झालती, तवा?

इंद्रजित : मी ऑफिस स्टाफ. ऑफिसला हंगाम नसतो.

रंगूबाई : बरं, बिनपगारी जाती. माझी जागा ऱ्हाईल न्हवं?

इंद्रजित : तीन दिवस. चौथ्या दिवशी बदली बाई बसवा, असं मालकांनी सांगितलंय.

रंगूबाई : मग नगं बाई रजा. त्याचंच लय भ्या वाटतंय. घरात मिळवती मी एकलीच. बसती कामाला.

इंद्रजित : बसा. पण वहीत हे काय लिहून ठेवलंय?

रंगूबाई : कुठल्या?

इंद्रजित : आरोग्याच्या. ‘आज ताप आहे का?’ त्यापुढं तुम्ही लिहिलंय, ‘हाय’.

रंगूबाई : हाय म्हणून लिवलं. तुमीच म्हनलासा, ज्येनं त्येनं आपल्या हातानं खरं लिवायचं.

इंद्रजित : माल परदेशी जातो, मावशी. आजारी माणसाचा हात मालाला लागायचा नाही, असा नियम आहे.

रंगूबाई : त्यातनं हंगामी धंदं वगळलं न्हाईत?

इंद्रजित : नाही. तो सगळ्यांना लागू.

रंगूबाई : म्हंजे कामाला बसायचं न्हाई, आन् घरी बी निजायचं न्हाई. मग मी जाऊ कुठं?

इंद्रजित : वहीत खोडायचं नाही. पान फाडायचं नाही, पानांना नंबर आहेत... थांबा. ह्या ‘हाय’च्या अलीकडं जरा जागा आहे.

रंगूबाई : मग?

इंद्रजित : तिथं अर्धा न काढा.

रंगूबाई : अर्धाच?

इंद्रजित : अर्धाच. झालं ‘न्हाय’.

रंगूबाई : तुमीच काढा की.

इंद्रजित : अक्षर तुमचंच पाहिजे. सावकाश काढा, घाई नाही.

रंगूबाई : ... घ्या. झाले बरी.