चपला काढून स्टंट

आरे, आमच्या भाच्याचं सांगायचंच राहिलं. पंधरा वर्षांचं पोरगं, पेडगावच्या रस्त्यावर चालत्या मोटारसायकलीच्या सीटवर हात सोडून उभं राहतं, असं ऐकलं होतं. परवा डोळ्यांनी बघितलं. पठ्ठ्यानं आधी चपला काढून बाजूला ठेवल्या, सीटच्या पाया पडला, मग गाडी भन्नाट पळवली आन वर उभा!

परत आल्यावर मी एक ठेवून दिली. पण डोक्यातून काही जाईना. विचारलं, "चपला का रं काढल्या?"

"दसऱ्याला पुजलेली गाडी हाय मामा. चपलीनं कसं उभं राहायचं?"

"आन समोरून ट्रक आला तर?"

"मला कुठं दिसायलाय? लय भीती वाटते, डोळे मिटलेले असतेत की!"