शून्य पटत नाही

(रोह्याच्या कॉलेजचं ग्रंथालय, १९९९. रविवारची सकाळ. नवा संगणक आणि त्याच्यापुढे ओढून घेतलेल्या तीन खुर्च्या.)

हरेश : म्हंजे मागल्या रविवारी शून्य आलेलं, ते खोटं?

मारुती : खोटं असं नाही हो. आलं ते खरंच शून्य होतं. पण ते मला... तुम्ही आधी बसा ना. नाइट शिफ्ट करून आलाय.

हरेश : बसतो. निडी स्टेशनात गाडी अशी बसकण मारून राहिली, की वाटलं उतरून चालत जावं. सर, तुमचा निरोप कसा आला सांगू? वाण्याच्या दुकानात फोन. तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असा वरडला, ‘वनिताला सांगा, रोह्याच्या लायब्ररीवाल्या सरांना शून्य पटत नाय, रविवारी या.’ आमची आय म्हणते, सुनेची पत्रिका कुणाला दाखवलीस रे?

मारुती : माफ करा. फोनवर मला नीट बोलता येत नाही. समोरचा ‘हां, बोला’ म्हणाला, की काय बोलायचं होतं तेच जातं.

वनिता : सर, मला सरळ सांगा. उद्या मुंबईला समितीपुढे उभं राहायचंय. पीएचडीचा आराखडा टाइप करून तयार आहे. त्यातलं पहिलंच वाक्य, ‘बांध फुटून खारं पाणी शिरलेल्या शेतात भात पुन्हा कधी येतो, यावर जगात आजवर कुणीही काम केलेलं नाही.’ इथे तुमच्या शेजारी बसून शून्य बघितलं, म्हणून लिहिलं मी ते.

मारुती : माहीत आहे. म्हणूनच निरोप पाठवला.

वनिता : आमच्या शाळेत हेडमास्तरांनी पेढे वाटले.

हरेश : आन् मी डोलवीला, कंपनीत. बायको जगात पहिली म्हणून. सुपरवायझरनं दोन उचलले.

मारुती : पेढ्यांचं मला ठाऊक नव्हतं.

वनिता : काय चुकलं तेवढं सांगा.

मारुती : मी चुकलो. ही चौकट बघा. ही अमेरिकेतल्या एका शेतकी ग्रंथालयाची सूची. जगभरचे लेख हिच्यात नोंदलेले आहेत, आणि आपण रोह्यात बसून ती उघडू शकतो, फुकट. मला अजून खरं वाटत नाही. तर या चौकटीत विषय टाकायचा. मी मागच्या रविवारी काय टाकलं?

वनिता : विषयच टाकला होतात की. इंग्रजीत, चांगला लांबलचक.

मारुती : अर्ज टाकला होता, वनिताबाई. ‘महोदय, रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या खारेपाटात बांध फुटल्यामुळे नापीक झालेल्या भातशेतीविषयी उपलब्ध माहिती कृपया मिळावी.’ सगळी नोकरी मोठमोठ्या ग्रंथालयांना पत्रं लिहिण्यात गेली. हात तसाच चालला.

हरेश : ‘आपला नम्र’ पण घातलेलं काय?

मारुती : घातलं होतं.

हरेश : मग त्यात वाईट काय झालं? मोठ्या ठिकाणी मागायचं तर तसंच मागतात.

मारुती : तिथे साहेब कुणी बसलेला नाही हो. यंत्र आपला प्रत्येक शब्द शोधत जातं. एकाच लेखात महोदय हवेत, पेण हवं, आणि कृपयाही हवं. असा लेख कोण लिहील?

वनिता : हे तुम्हाला सांगितलं कुणी?

मारुती : सांगायला कोण आहे इथे. तुम्ही दोघं आनंदात गेलात आणि मी इथेच बसून राहिलो. वाटलं, आपण पुस्तकं लावणारा माणूस. आपल्याला पहिल्याच फेरीत सगळ्या जगाचं उत्तर मिळावं, असं माझ्या बाबतीत कधी होत नाही. मग सोमवारी एक करून बघितलं. अर्ज तोच ठेवला, विषय बदलला. फक्त भात. ‘महोदय, भात या पिकाविषयी माहिती कृपया मिळावी.’

वनिता : आणि?

मारुती : शून्य.

हरेश : भातावर कुणी कायच लिवलं नाय? जगात?

मारुती : तेच ना. तेव्हा कळलं, शून्य जगाचं नव्हतं. माझं होतं.

वनिता : सर, हे मला सुचायला हवं होतं. मी मुलांना विज्ञान शिकवते. तपासून घ्या, तपासून घ्या म्हणून रोज ओरडते. आणि स्वतः पेढा खाऊन मोकळी झाले.

मारुती : नाही, नाही. तुमचा विश्वास होता. मला तेवढा जमत नाही, एवढंच.

वनिता : मग नीट विचारल्यावर काय आलं?

मारुती : विचारलं नाही.

वनिता : म्हणजे?

मारुती : विषय तुमचा आहे. तुमच्या पाठीमागे उघडून बघणं बरं दिसेना.

हरेश : हप्ताभर न बघता राहिलात? मी तर त्याच मिनिटाला बघितलं असतं.

वनिता : संगणकाचा फोन लावा, सर. टाइप मी करते.

मारुती : लावतो. आता जरा कर्कश आवाज येईल.

हरेश : येऊं दे. आम्ही भट्टीजवळ उभं राहणारी माणसं.

वनिता : तीनच शब्द घेते. मीठ, भात, समुद्राचं पाणी. झालं?

मारुती : झालं. आता थांबायचं. हळूहळू येतं ते.

हरेश : आलं. वनिता, ही बघ एक. ही दुसरी. खाली अजून हाय. ए, खाली घे. अजून हाय गो.

वनिता : दिसतंय मला.

हरेश : सगळी तुझ्याच विषयावरची?

वनिता : सगळी नाहीत. ही आहे. ही पण. ‘समुद्राच्या पुरानंतर भातजमीन पूर्वपदावर येण्यास लागणारा काळ.’ माझाच प्रश्न आहे हा. लेख माझ्या जन्माआधीचा.

मारुती : वनिताबाई...

वनिता : संपलं. आराखडाच राहिला नाही.

हरेश : सर, राग मानू नका. पण एक दिवस थांबला असतात तर? उद्याची समिती पार पडली असती. तिथं कोण हे उघडून बघणार होतं?

मारुती : मी स्वतःला तेच सांगत होतो. फोनपर्यंत जायचो आणि परत फिरायचो.

हरेश : मग केलात का?

मारुती : कुणी विचारलं असतं, तर या तिथे एकट्या उभ्या असत्या. आणि कुणीच विचारलं नसतं, तर ते आणखी वाईट. चार-पाच वर्षं चिखलात काढायची, आणि मग एके दिवशी हे वाचायचं.

वनिता : सरांचं बरोबर आहे. तुम्ही गप्प बसा जरा.

मारुती : एक सुचवू? लेख अख्खा मिळत नाही इथे, पण प्रत्येकाखाली सारांश असतो. आपण ते कागदावर छापून घेऊ, फोन ठेवू, आणि सावकाश वाचू. फोनचं बिल चढत नाही, घाई राहत नाही मग.

वनिता : आता वाचून काय करू मी?

मारुती : मला सारांश वाचायला फार आवडतात. विषय कळत नाही, तरी वाचतो. एखादा माणूस कितीतरी पावसाळे शेतात उभा राहतो, आणि मग दहा ओळींत सांगून टाकतो की मला एवढंच सापडलं. एक शब्द जास्तीचा नसतो. मी तर साधा अर्जसुद्धा याहून लांब लिहितो.

वनिता : द्या. वाचते. ‘बांध फुटून पाणी आत आले. बांध त्याच वर्षी पुन्हा बांधण्यात आला. तिसऱ्या हंगामात भात मूळ उताऱ्यावर आला.’ हा दुसरा. ‘वादळाच्या लाटेने शेते बुडाली. पाणी महिन्याभरात ओसरले.’ पुढे मातीतलं मीठ मोजलंय. किती नीट मोजलंय, वरच्या थरात, खालच्या थरात, पावसाआधी, पावसानंतर. मला हे असं मांडताच आलं नसतं.

हरेश : चांगलं हाय?

वनिता : फार चांगलं आहे. तिसरा. ‘पाणी शिरल्यापासून दर वर्षी...’ थांबा. पहिला परत द्या.

मारुती : हा घ्या.

वनिता : हे सगळे मोजायला कुठून सुरुवात करतात? पाणी शिरलं त्या दिवसापासून. कारण यांच्याकडे पाणी आलं आणि गेलं. बांध लगेच उभा राहिला. आमच्या बाबांच्या शेताच्या बांधाला खांड पडली, भगदाड पडलं, तेव्हा मी सातवीत होते. बुजवलं कधी?

हरेश : आपल्या लग्नाच्या साली. वरात त्याच बांधावरनं आणलेली आम्ही, माती ओलीच होती.

वनिता : मधली सगळी वर्षं रोजची भरती आत, रोजची ओहोटी बाहेर. नुसतं मीठ नाही आलं, गाळ आला.

हरेश : व्हय, तिवरं उगवलेली. माझ्या डोक्याएवढी उंच. भाताच्या शेतात खेकडे धरले मी.

वनिता : आणि शेजारच्या केरूकाकांच्या तुकड्याची खांड दोन पावसाळ्यांत बुजवली होती. तिथे भात येतो. आमच्या शेतात अजून नाही. सर, माझा प्रश्नच अर्धा होता. पाणी शिरल्यावर किती वर्षांनी भात येतो, हे यांनी शोधलंय. खांड किती वर्षं उघडी राहिली, त्यावर काय काय ठरतं, हे यांना विचारायची वेळच आली नाही.

मारुती : विचारू या का? पुन्हा फोन लावतो.

वनिता : लावा. भात, गाळ, बांध, बरीच वर्षं उघडा.

हरेश : आता जरा पटकन येऊं दे बाबा.

वनिता : शून्य.

हरेश : पेढे?

वनिता : नाही. मला पटत नाही.

मारुती : मलाही नाही.

वनिता : ‘बरीच वर्षं’ काढते, तो शब्द कुणी तसा वापरणार नाही. बांध काढते. भात, गाळ आणि भरती. दोन आले.

मारुती : दोन.

हरेश : दोन म्हंजे चांगलं, का वाईट?

वनिता : चांगलं. दोन माणसं आहेत, ज्यांना हे विचारता येईल. खाली पत्तेही दिलेत.

मारुती : उतरवून घेतो मी.

वनिता : सर, आराखड्यात शेवटी आभार लिहितात. तुमचं पूर्ण नाव सांगा.

मारुती : छे, माझं नाव कशाला. सगळं यंत्रानं शोधलं.

वनिता : यंत्रानं शून्य दिलं होतं. तुम्ही ते मान्य केलं नाहीत.

मारुती : मला यंत्राचा संशय नव्हता हो. माझाच होता.

वनिता : तोच हवा असतो म्हणे संशोधनाला. माझ्याकडे कमी पडला. सांगा नाव.

मारुती : ते... नंतर बघू. उद्याच्या त्या पहिल्या वाक्याचं काय करणार?

वनिता : पेनानं खोडते. वर हातानं लिहिते, ‘या प्रश्नावर अनेकांनी काम केलेले आहे.’ आणि खाली उघड्या खांडीचा नवा प्रश्न.

हरेश : टाइप केलेल्यावर? समितीपुढं?

वनिता : दिसू दे खोडलेलं. विचारलं तर कसं खोडलं ते सांगेन. त्यातच सगळं येतं.

हरेश : म्हंजे जगात पहिली नाय तू.

वनिता : नाही. कंपनीत काय सांगाल?

हरेश : सांगतो, जगात पुष्कळ जणं हायत या कामाला. त्यांच्यात आता आपल्या खारेपाटातली एक.