नव्वद दिवसांचा थर

हो, तनुजा, त्या मंजुरीपत्रावर सामान्य नागरिक म्हणून जी सही आहे ती माझीच. आणि तुझ्या आईने खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्या प्रयोगात नाव द्यावं, हेही मीच सुचवलं. दोन्ही गोष्टी मी नाकारत नाही. बस. दारात उभं राहून बोलायची सवय तुला शाळेतही होती. आईच्या खुब्यातून आवाज येतो म्हणजे नेमका कसा — बिजागरीसारखा, की पाट्यावर वाळू रगडल्यासारखा? वाळू. बरं. कधीपासून? दिवाळीपासून. बरं.

छे, घाबरले वगैरे नाही मी. ऐक. रुग्णालयाच्या नैतिकता समितीत सामान्य नागरिक हजर नसेल तर बैठक भरतच नाही — आणि गेल्या तीन वर्षांत मी एकही बैठक चुकवलेली नाही. प्रयोग करणाऱ्या डॉक्टर रणजित यांनी खुब्यात बसवायचा तो धातूचा गोळा माझ्या तळहातावर ठेवला होता — काळाभोर, आरशासारखा, त्यावर हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, केसाच्या तिसाव्या हिश्श्याइतका पातळ. म्हणाले, शरीर याला परकं मानत नाही. मी म्हटलं, हे शरीराला विचारलंत, की आपणच ठरवलंत? तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चकती दाखवली — हाडाच्या पेशी त्या थरावर हातपाय पसरून खुशाल वाढत होत्या. घासला तरी झिजत नाही, रक्त गोठवत नाही — खरं होतं ते. आजही खरंच आहे. वरच्या थरात काही दोष नाही. दोष त्याच्या खाली आहे.

कोणी सांगितलं? एजाजने. वाघोलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मंजुरीआधीच्या चाचणीसाठी तोच थर दिलेले धातूचे तुकडे तिथे अंगाइतक्या कोमट खाऱ्या पाण्यात नव्वद दिवस ठेवायचे होते. ठेवले, उत्तीर्ण झाले. पण एक बरणी त्याने रिकामी केलीच नाही — विसरला म्हण, मुद्दाम म्हण, मी विचारलं नाही. सव्वा वर्षाने ती घेऊन इथे आला. "बाई, वरून तसाच चकाकतोय, पण चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रे निघतात." थर धातूला धरून राहावा म्हणून मध्ये आणखी एक थर असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून खारं पाणी शिरलं आणि तोच कुजला. पापुद्रा तो केवढासा, पण हिऱ्यासारखा कठीण. सांध्यात सुटला तर — असो. "डॉक्टर लोक माझं ऐकत नाहीत, बाई, तुम्ही विचारा," म्हणाला. आणि मी काय केलं? घंटा झाल्यानंतर लिहिलेली ओळ मी पस्तीस वर्षांत कधी तपासली नाही. परीक्षा नव्वद दिवसांची ठरली होती; पुढचं उत्तर ग्राह्य कसं धरायचं? मुदतीबाहेरचा निष्कर्ष आहे, घेऊन जा, म्हटलं. गेला बिचारा, बरणी पिशवीत घालून. त्याच आठवड्यात तुझी आई वारज्याहून संमतिपत्र घेऊन आली. मैनाबाई, आधी वाचून घ्या, असं मी बजावलं — तर म्हणते, "बाई, तुमी वाचलंय न्हवं? मग मी कशापायी वाचू?" आणि मला — खोटं कशाला सांगू — अभिमान वाटला.

फोन खाली ठेव. डॉक्टर रणजितना विचारून काय मिळणार? पुढच्या तपासणीला घेऊन या, म्हणतील. मला कसं ठाऊक? तसंच ठरलं आहे म्हणून. — हे मी सांगायला नको होतं. पण बोलून गेलेच आहे, तर पूर्ण ऐक. अर्ध्यावर सोडलेलं मला खपत नाही. गेल्या मंगळवारी प्रयोगातल्या बारा जणांपैकी एका रुग्णाचा खुबा पुन्हा उघडावा लागला. आत काळा चुरा होता. शुक्रवारी समितीची तातडीने बैठक झाली. ठरलं ते असं: नव्या शस्त्रक्रिया थांबवायच्या, उरलेल्या अकरा जणांना इतक्यात काही कळवायचं नाही, घबराट पसरेल, नेहमीच्या तपासणीला येतील तेव्हा पाहू. अकरांच्या यादीत तुझी आई सातवी. ठराव अध्यक्षांनी मांडला, वकीलसाहेबांनी अनुमोदन दिलं. कुणाचा विरोध आहे का, असं अध्यक्षांनी दोनदा विचारलं — दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. सात जण होतो. सातही जणांनी मान्य केलं.